काकवी चालेल का?

‘मधाऐवजी काकवी घातली तर चालेल का?’ आमच्या बेकरीत हा प्रश्न सर्वांत आधी जैन घरांतून आला. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात जैन वस्ती मोठी, आणि त्यांच्यात अंड्याप्रमाणे मधही वर्ज्य. बिनअंड्याचा केक आता कुठेही मिळतो. पण ओट्सच्या वड्या, आल्याचा केक, कणकेचा पाव अशा ज्या जिनसांत आम्ही मध घालत होतो, त्यांच्यापुढून ही मंडळी नुसती बघून परत जायची. पुढे वीगन तरुण मुलं-मुली यायला लागली, त्यांनाही मध नको. चरकसंहितेत तापवलेला मध निषिद्ध सांगितला आहे, म्हणून भाजलेल्या पदार्थात तो नको म्हणणारे आजी-आजोबा आले. काही जणांना तर आपल्या शिवारातली चव केकमध्ये उतरलेली हवी होती, बाकी काही नाही. कारणं निराळी, मागणी एकच.

माझं उत्तर तेव्हापासून ठरलेलं आहे. चालेल, पण त्या पदार्थात मध कशासाठी घातला होता ते आधी बघू.

बेकरी सुरू करण्याआधी मी मुंबईत एका हॉटेलच्या पेस्ट्री विभागात नोकरी केली. तिथल्या कृती बहुतेक इंग्रजी किंवा अमेरिकन वळणाच्या. फळीवर मध, लिक्विड ग्लुकोज, काळं ट्रीकल आणि गोल्डन सिरप यांचे डबे ओळीनं असत. गोल्डन सिरप हे अब्राम लाइल यांच्या लंडनमधल्या साखर कारखान्यातून १८८० च्या दशकात बाजारात आलेलं. साखर शुद्ध करताना मागे राहणाऱ्या पाकाचं त्यांनी विकण्याजोगं गोड केलं. त्या विभागात मापाचे कप नव्हतेच. अंडं, दूध, सिरप, सगळं काट्यावर ग्रॅममध्ये. आमचे शेफ नव्या मुलांना एक वाक्य नेहमी सांगायचे की सिरप म्हणजे साखर अधिक पाणी, आणि दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो. हे वाक्य मी गाठीला बांधून कोल्हापूरला आले, आणि काकवीच्या बाबतीत तेच सर्वांत जास्त उपयोगी पडलं.

हिशेब असा. चांगल्या मधात पाणी साधारण १८ टक्के, उरलेलं जवळजवळ सगळं गोड. काकवीत पाणी ३० टक्क्यांच्या आसपास, कधी ३५ सुद्धा. आता एक कप मध काट्यावर ठेवला तर ३४० ग्रॅम भरतो, एक कप काकवी सव्वातीनशे. कपाला कप बदलला, तर पदार्थात पन्नासेक ग्रॅम साखर कमी गेली आणि पस्तीसेक ग्रॅम पाणी जास्त गेलं. केकच्या मधोमध खळगा पडतो, पाव चिकट राहतो, वडी सुटत नाही, ते या पस्तीस ग्रॅमांमुळे. दोष काकवीचा नसतो, मापाचा असतो. म्हणून १०० ग्रॅम मधाच्या जागी मी ११७ ग्रॅम काकवी घेते आणि कृतीतल्या दुधातून किंवा पाण्यातून १७ ग्रॅम काढून टाकते. एवढं केलं की केक बसत नाही. चव अर्थात बदलते. ती बदलावी म्हणूनच तर आपण काकवी घेतो.

ओट्सच्या वडीत दूधही नसतं आणि पाणीही नसतं. मग कमी कशातून करायचं? तिथे काकवीच आटवायची. एक किलो काकवी जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायची, पातेल्याचं वजन आधी करून ठेवायचं, आणि आतली काकवी ८७५ ग्रॅम उरली की उतरवायची. सत्तर टक्क्यांची काकवी ऐंशीवर आली, म्हणजे मधाच्या जवळ आली. यासाठी उपकरण लागत नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. मात्र अशी आटवलेली काकवी त्याच दिवशी वापरावी. साध्या तापमानाला पाण्यात साखर विरघळण्याची हद्द सदुसष्ट टक्क्यांच्या आसपास आहे. त्यापुढे आटवलं की साखर खडे धरायला बघते. आटवताना लिंबाचे थेंब टाकले तर थोडी उसंत मिळते, कारण आंबटपणामुळे काही साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि ही दोन्ही खडा बनण्याच्या आड येतात. लाडवाच्या पाकात आई-आजी लिंबू पिळत आल्या ते याचसाठी.

काकवी खरी कळली ती गुऱ्हाळावर. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावरून मी माल घेते. हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळा चढेपर्यंत चालतो. चरकातून रस येतो, काहिलीत पडतो, चुलवाणात उसाचंच वाळलेलं चिपाड जळत असतं. रस तापू लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालतात. तो गाळ धरून वर आणतो, मग गुळव्या लांब दांड्याच्या झाऱ्यानं मळी काढत राहतो. आच अशीच चालू राहिली आणि तापमान ११८ अंशांपर्यंत गेलं की गूळ. काकवी मात्र १०५-१०६ वरच काढावी लागते. बारा-तेरा अंशांचं अंतर. त्यात उतरवण्याची वेळ गुळव्या धारेवरून ओळखतो. काहिलीतून काढलेली काकवी आठ-दहा दिवस न हलवता ठेवतात, गाळ खाली बसतो, वरची निवळ बाटलीत जाते. काही गुऱ्हाळांवर किलोला चारशे मिलिग्रॅम सायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे खडे धरत नाहीत.

हंगामाच्या सुरुवातीला एकदा काकवी मला फारच पातळ वाटली आणि केकचा रंगही नेहमीपेक्षा लवकर गडद होत होता. मी गुऱ्हाळवाल्या मामांना विचारायला गेले.

‘मामा, औंदाची काकवी लई लवकर करपतीया.’

‘ऊस अजून पिकला न्हाई, ताई. थंडी पडू द्या, मग बघा.’

मामांनी एका वाक्यात जे सांगितलं त्यामागे पुरतं रसायनशास्त्र आहे. कोवळ्या उसात फुटलेल्या साखरेचं, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजचं प्रमाण जास्त असतं. ही साखर पिठातल्या आणि दुधातल्या प्रथिनांशी भट्टीत चटकन प्रक्रिया करते आणि तांबूस रंग धरते. अखंड साखर तशी करत नाही. थंडी पडली, ऊस पिकला की अखंड साखर वाढते. मग जानेवारीतली काकवी हळू रंगते, पण बाटलीच्या तळाशी खडे मात्र तीच लवकर धरते. हंगामाच्या शेवटी पुन्हा गणित फिरतं. ऊस तोडून उन्हात पडून राहिला की आतली साखर फुटू लागते. शिवाय खारपड रानातला ऊस असेल तर काकवीला खारट चव येते. तेव्हापासून प्रत्येक लॉट आला की मी आधी बोटावर चाखते, मग रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवून ब्रिक्स, म्हणजे त्यात गोड किती टक्के ते, बघते आणि तो आकडा बाटलीवर तारखेसह चिकटवते. रिफ्रॅक्टोमीटर हे हातात मावणारं साधं यंत्र आहे, मधपाळ मधातलं पाणी तपासायला तेच वापरतात. थेंब मात्र गार हवा, गरम थेंबावरचा आकडा फसवतो.

मध आंबट असतो हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही, कारण गोडवा तो आंबटपणा झाकून टाकतो. त्याचा सामू चारच्या आसपास असतो. म्हणून मधाच्या केकात खायचा सोडा असतो, साधारण एक कप मधाला पाव चमचा. सोडा आंबटपणा मारतो आणि त्यातून सुटलेला वायू केक फुगवतो. काकवी तेवढी आंबट नसते. मध काढून काकवी घातली आणि सोडा तेवढाच ठेवला, तर तो जिरायला आंबट काही उरत नाही आणि केकला साबणासारखी चव लागते. माझा मार्ग असा की सोडा अर्धा करायचा, किंवा सोडा तेवढाच ठेवून दुधातला थोडा भाग दह्याचा करायचा. काकवी-आल्याच्या केकात मी दहीच घेते. सुंठ, दालचिनी, लवंग, दही आणि काकवी ही पाचही एकमेकांना इतकी धरून राहतात की त्या केकात मध होता हे आता कुणाला आठवतही नाही. त्यात मीठ थोडं कमी घालावं, काकवीचं स्वतःचं खारेपण असतं.

हाच केक इंग्रजी कृतीत काळ्या ट्रीकलचा असतो, अमेरिकन कृतीत मोलॅसिसचा. मोलॅसिस म्हणजे काकवीच असं समजून पुष्कळ जण सरळ बदल करतात. मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला रस. कडवटपणा त्याचा स्वभाव. काकवीतून काहीच काढून घेतलेलं नसतं, ती मोलॅसिसपेक्षा गोड आणि मऊ चवीची. मोलॅसिसच्या जागी काकवी घालताना कृतीतली साखर कमी करावी आणि कडवट धार हवीच असेल तर थोडी कॉफी किंवा कोको घालावा. काकवीची खरी सख्खी बहीण अमेरिकेत लुइझियानामध्ये आहे. तिथे उसाचा रस आटवून केन सिरप करतात, अबेविल गावातला स्टीन्सचा पिवळा डबा १९१० पासून चालू आहे. माझी एक जुनी सहकारी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. भाकरीबरोबर काकवी म्हणून तिनं मोलॅसिस आणलं आणि तोंड कडू झाल्याचा फोन केला. मी तिला केन सिरप शोधायला सांगितलं. आता तिच्या घरी संक्रांतीची गूळपोळी झाली की उरलेल्या सारणात तेच मिसळून लाडू होतात.

मेपल सिरपबद्दल फार लिहीत नाही. मेपल झाडाचा साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप मिळतं, त्यात गोड सहासष्ट-सदुसष्ट टक्के. पाण्याच्या हिशेबात काकवी आणि मेपल जवळजवळ सारखी, म्हणून पॅनकेकवर किंवा ग्रनोलात मेपलच्या जागी काकवी ग्रॅमला ग्रॅम घ्यायला हरकत नाही. घावनावर आपण काकवी सोडतोच. चव अगदी वेगळी, पण काम तेच. बाटलीमागे जाणारे पैसे वाचतात ते निराळेच.

जिथे बदल करू नये अशाही जागा आहेत, आणि त्या ठामपणे सांगाव्या लागतात. लिक्विड ग्लुकोज ही त्यातली पहिली. चिक्की, कॅरमल, फाँडंट यांत ते गोडीसाठी घालतच नाहीत, साखरेपेक्षा ते बरंच कमी गोड असतं. त्यातल्या लांब साखळ्या साखरेच्या कणांना एकत्र येऊ देत नाहीत, म्हणून चिक्की काचेसारखी राहते. ‘नैसर्गिक’ हवं म्हणून एका ग्राहक ताईंनी ग्लुकोजऐवजी मध घालून शेंगदाण्याची चिक्की करून मागितली. मी त्यांना नाही म्हणाले. मधातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं, चिक्की संध्याकाळपर्यंत हाताला चिकटते. ग्लुकोज नको असेल तर चिक्कीचा गूळ घ्या आणि पाक पुरता कडक होऊ द्या, ती वाट आपल्याकडे आधीपासून आहे.

हा पाणी ओढण्याचा गुण केकात वरदान आणि बिस्किटात शत्रू. मधाचा किंवा काकवीचा केक तिसऱ्या दिवशीही मऊ असतो. कोल्हापूरच्या पावसात मात्र काकवीचं कुरकुरीत बिस्कीट बरणी उघडता-मिटता मऊ पडतं. साखरेच्या नानकटाईला हा त्रास कमी. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी काकवीची कडक बिस्किटं करतच नाही, मऊ कुकी करते आणि ती मऊ आहे असं सांगून विकते. दिवाळीत काकवीच्या शंकरपाळ्यांची मागणी येते. त्या तळताना आच नेहमीपेक्षा मंद ठेवली नाही तर बाहेरून काळ्या आणि आतून कच्च्या राहतात. कारण पुन्हा तेच, फुटलेली साखर लवकर रंगते. भट्टीतही साखरेच्या केकाचं तापमान मधाला आणि काकवीला पंधराएक अंशांनी उतरवावं आणि वेळ थोडा वाढवावा.

दुधाचं एक सांगायचं राहिलं. उकळत्या दुधात काकवी घातली की दूध फाटण्याची भीती असते, गुळाच्या चहाचा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे नवं नाही. कस्टर्ड किंवा खीर आधी खाली उतरवावी, कोमट होऊ द्यावी आणि मग काकवी घालावी. मधाच्या बाबतीतही हेच, शिवाय त्याचा वास टिकतो. महाबळेश्वरच्या जांभळाच्या मधाला जो कडसर, दाट वास असतो तो भट्टीत जाळून टाकण्यात मला काहीच अर्थ दिसत नाही. असा मध केकवर वरून सोडावा, आत साधा मध घालावा.

आता दोन गोष्टी, ज्यांच्याबाबत मी कुणाशीही तडजोड करत नाही.

पहिली बाळांची. सहा महिन्यांचा ‘हाफ बर्थडे’ साजरा करण्याची रीत आता आपल्याकडे रुजली आहे. ‘बाळासाठी साखर नको, मध घाला’ अशी ऑर्डर येते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, केकात भाजलेलाही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ते वाढत नाहीत, बाळाच्या आतड्यात वाढू शकतात आणि त्यातून स्नायू लुळे पडतात. केकाचा गाभा भट्टीतही शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे बीजाणू मरत नाहीत. मग काकवी चालेल का? इतक्या लहान बाळाला साखर-गूळ नकोच असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. मी पिकलेल्या केळ्याचा, काहीही गोड न घातलेला छोटा केक करून देते, आणि मोठ्यांसाठी हवा तसा दुसरा.

दुसरी मधुमेहाची. काकवीच्या केकवर ‘शुगर फ्री’ लिहून द्या, असं मला दुकानदारांनी सांगून पाहिलं. लिहिणार नाही. काकवी साखर आहे, मध साखर आहे, खजुराचा पाक साखर आहे. काकवीत थोडं लोह असतं, पोटॅशियम असतं, चव तर असतेच. पण मधुमेही माणसाच्या रक्तात ती साखर म्हणूनच जाते. वडिलांसाठी केक न्यायला आलेल्या मुलीच्या हातात मी खोटी चिठ्ठी देऊ शकत नाही. तुकडा छोटा ठेवा, त्या जेवणातला भात-पोळी कमी करा आणि डॉक्टरांना विचारा, एवढंच मी सांगते.

काकवी ही मध किंवा गोल्डन सिरप मिळत नाही म्हणून घ्यायची वस्तू नाही. आल्याच्या केकात, कणकेच्या पावात, ओट्सच्या वडीत, नाचणीच्या कुकीत मी आता दोन्ही हाताशी असताना काकवीच निवडते. कणकेच्या पावात तर तिच्यासारखं काहीच नाही. कणकेचा जो किंचित तुरटपणा मध झाकतो, तो काकवी खुलवते. अडचण फक्त ही की बाटलीवर कामाचं काहीच लिहिलेलं नसतं. मधाच्या बाटलीला पाण्याची मर्यादा आहे, वीस टक्क्यांच्या वर गेला तर तो नियमात बसत नाही. परदेशी सिरपच्या डब्यामागे शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते छापलेलं असतं. आमच्या गुऱ्हाळाच्या बाटलीवर बहुधा गावाचं नाव, एक उसाचं चित्र आणि ‘शुद्ध’ हा शब्द असतो. तिच्यात ६५ टक्के गोड आहे की ७२, हे कळायला मार्ग नसतो, आणि घरी केक करणारीनं मग अंदाजानं कप ओतायचा.

म्हणून गुऱ्हाळवाल्या मामा-काकांना माझी विनंती आहे. बाटलीवर चार ओळी छापा. काहिलीतून काढल्याची तारीख, ब्रिक्स, सायट्रिक आम्ल घातलं की नाही आणि ऊस कुठल्या रानातला. रिफ्रॅक्टोमीटर बाजारात सहज मिळतो आणि एका घाण्याला एक थेंब पुरतो.